मोमियाईची आवई आणि आमच्या बाई

माझी आई तहानेने गेली. घरात सगळे म्हणत की प्लेगने गेली. तेही खरंच आहे. काखेत गाठ होती, अंगात ताप होता, शेवटी वातही झाला होता. पण ती पाणी मागत होती आणि तिला पाणी दिलं गेलं नाही, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आता केस पांढरे झाले तरी हे आठवलं की माझ्या हातातलं काम गळून पडतं आणि कुणाला तरी धरून गदागदा हलवावंसं वाटतं. हलवायला आता कुणी उरलेलं नाही.

तेव्हा आम्ही धारला होतो. वडील संस्थानच्या कचेरीत कारकून होते. आधी धान्यबाजारात उंदीर पडले, मग आमच्या गल्लीत. दरबारने दवंडी दिली की ज्याच्या घरी ताप येईल त्याने कळवावं. रोग्यासाठी गावाबाहेर माळावर झोपड्यांचा दवाखाना केला आहे. दवंडी वाजली आणि तिच्यामागोमाग आवई उठली. माळावर मोमियाई काढतात! माणसाला, त्यातही बाईला नि लेकराला, झाडाला उलटं टांगायचं, टाळूला भोक पाडायचं, खाली कढई तापत ठेवायची. थेंब थेंब तेल पडतं. तेच मोमियाई, साहेबलोकांचं औषध. ही आवई आमच्याकडे पाणी भरणारीने सांगितली, भाजीवालीने सांगितली, वडिलांनी कचेरीतून आणली. तळ्यापलीकडच्या एका माळ्याने म्हणे ती कढई डोळ्यांनी पाहिली होती.

म्हणून आईला ताप आला तेव्हा तिला गोवऱ्यांच्या खोलीत ठेवलं. बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली वडिलांनी जानव्याला बांधली. तपासणीचे शिपाई आले तेव्हा वडील ओसरीवर बसून शांतपणे म्हणाले, "कुटुंब माहेरी गेलंय, बदनावरला." आतला आवाज ऐकू जाऊ नये म्हणून ते मोठ्याने खोकत होते. शिपाई गेले. मी दाराला कान लावला. आई म्हणत होती, "पाणी दे गं, घोटभर दे." मी वडिलांकडे किल्ली मागितली. ते म्हणाले, "पाणी दिलं की गाठ फुगते. जा तिकडे."

डॉक्टरने तिला वाचवलं असतं असं मी म्हणत नाही. गाठ आलेली माणसं माळावरही मरत होती. पण तिथे कुणी तरी तिच्या तोंडात पाणी घातलं असतं.

आई गेल्यावर वडिलांनी मला देवासला आत्याकडे पाठवलं. आत्याला मूल नव्हतं. देवास म्हणजे गाव एक आणि राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. सडकेच्या अलीकडे एक दरबार, पलीकडे दुसरा. अलीकडच्या शिपायाचा हुकूम पलीकडे चालत नसे. माताजीची टेकडी तेवढी दोघांची. आम्ही कुठल्या पातीत राहत होतो ते मी सांगत नाही. माणसं दोन्हीकडे सारखीच होती.

आत्याचे यजमान, माझे आतोबा, दरबारात बऱ्या हुद्द्यावर होते आणि मुलींच्या शाळेच्या कमिटीवरही होते. शाळा म्हणजे एक मोठी खोली आणि पुढे पडवी. शिकवायला एकच बाई. त्या पुण्याकडून अध्यापनाचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. विधवा होत्या आणि केस राखलेले होते, एवढ्यावरच गावाच्या जिभेला पहिला महिनाभर काम मिळालं होतं.

बाई वाचन, हिशेब आणि शिवण शिकवत. शिवाय एक काम करत, जे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. शाळा सुटली की एका मुलीला मागे ठेवून घेत, दोऱ्याची लड गुंडाळायला. मुलीने समोर बसून दोन्ही हातांवर लड ताणून धरायची, बाई रिळावर दोरा गुंडाळणार. हात अडकलेले, नजर दोऱ्यावर, बाईंचीही नजर दोऱ्यावर. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नसे. आणि मुली बोलू लागत. कुणाला सासू चटके देत होती, कुणाच्या भावाला फेफरं येत होतं, कुणाला स्वप्नात चेटकीण दिसत होती. बाई फारसं बोलत नसत. एखादा प्रश्न विचारत. एकीचं ऐकलेलं दुसरीच्या कानावर कधी गेलं नाही.

माझी पाळी आली की मी गप्प. बरेच दिवस नुसती लड धरून बसत असे. मग एकदा मीच म्हणाले, "माझ्या आईला मोमियाईवाल्यांनी नेलं नाही, तेवढं तरी बरं झालं."

बाईंचा हात थांबला नाही. त्यांनी विचारलं, "कोण गं हे मोमियाईवाले?"

मी सगळं सांगितलं. झाड, कढई, तळ्यापलीकडचा माळी.

"त्या माळ्याला तू भेटलीस?"

"नाही."

"तुझे वडील भेटले?"

"माहीत नाही."

"आणि पाणी दिल्याने गाठ फुगते, हे कुणाचं म्हणणं?"

"लोकांचं."

"त्या लोकांपैकी एखाद्याचं नाव येतं तुला?"

मी हातातली लड भिरकावून दिली. "तुम्हाला काय करायचंय? तुमची आई मेलीय का अशी?" असं काहीसं ओरडले. बाई उठल्या, लड उचलली, झटकली. ओरडू नकोस असंही त्या म्हणाल्या नाहीत आणि ते सगळं खोटं आहे असंही नाही. एवढंच म्हणाल्या, "वडील दिवाळीला येतील ना? विचार त्यांना. भांडू नकोस. विचार, आणि ते काय सांगतात ते पुरतं ऐकून घे."

पुढे माझ्या लक्षात आलं की ‘खोटं आहे’ हे वाक्य बाई मुद्दाम गिळत. मोठ्या माणसाने खोटं म्हटलं की मूल आवईच्या बाजूने उभं राहतं, कारण आवई त्याच्या आईने सांगितलेली असते, मावशीने सांगितलेली असते. त्यांना खोटं पाडायला कुठलं मूल तयार होईल?

वडील दिवाळीला आले. आत्या वाढत होती. मी समोर बसून विचारलं, "आईला पाणी द्यायचं नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

वडिलांचा घास हातात राहिला. म्हणाले, "लोक म्हणत होते."

"वैद्य म्हणाले का?"

"नाही. वैद्य तर गाव सोडून गेले होते."

"मग कोण?"

"कचेरीत बोलणं चाललं होतं."

"कचेरीत कोण बोललं?"

त्यांनी खरोखर आठवून बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले, एक नाव जिभेवर आलं असं वाटलं आणि परत गेलं. एक माणूस त्यांना आठवेना. ज्याच्या शब्दावर त्यांनी आपल्या बायकोला कोरड्या घशाने मारलं, असं एकही तोंड त्यांच्या ध्यानात नव्हतं. ते पानावरून उठले. आत्या मला रागे भरली. मी रडलेही नाही. अंगातून नुसत्या वाफा निघत होत्या. तोवर माझा राग दैवावर होता, प्लेगवर होता, त्या कढईवर होता. त्या दिवशी त्याला पत्ता सापडला.

त्यानंतर थंडीत इंदुरात उंदीर पडल्याची बातमी आली. आमच्या दरबारने वेळीच एक डॉक्टर बोलावला. तो प्लेगची टोचणी करणार होता. बाई पहिल्याच दिवशी जाऊन टोचून घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी चोळीची बाही वर करून आम्हाला दंड दाखवला. सुजून टणक झाला होता, मधोमध बारीक टोचा. "हे असं होतं," त्या म्हणाल्या, "काल अंगात कणकण होती. आज उतरलीय. ज्यांना हात लावून बघायचंय त्यांनी बघा." आम्ही एकेकीने बोट लावून बघितलं.

पण आवईला पाय फुटलेच. सुई टोचतात ती खूण करायला. खूण केलेली मुलं मग मोमियाईसाठी उचलायची. आणि सडकेपलीकडच्या एका तेल्याची मुलगी तर गेलीसुद्धा! शाळेत मुली येईनाशा झाल्या. पडवी ओकीबोकी दिसू लागली.

बाईंनी आल्या तेवढ्यांना जवळ बसवलं आणि एकेकीला विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" एक म्हणाली मावशीने, एक म्हणाली विहिरीवर ऐकलं, मी म्हणाले आत्याने. बाई म्हणाल्या, "आज घरी जा आणि ज्याने सांगितलं त्याला एवढंच विचारा: तुम्ही पाहिलं, की ऐकलं? ऐकलं तर कुणाकडून? उलटून बोलायचं नाही. हसायचं नाही. जे सांगतील ते लक्षात ठेवून उद्या मला सांगा."

मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, पाणक्याने सांगितलं. पाणक्या इथलाच, माळवी बोलणारा, कावड घेऊन रोज यायचा. त्याला गाठलं. त्याने कावड खाली ठेवली आणि हात झटकले. "म्हने कां देख्यो, बई? उना पार का लोग के रिया था." मी कुठे पाहिलंय, पलीकडचे लोक म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांची उत्तरं जमली आणि सगळी एकाच ठिकाणी जाऊन थांबली. पाहिलेलं कुणीच नाही. सगळ्यांनी ऐकलेलं, आणि सगळ्यांचं बोट सडकेपलीकडे. एक थोराड मुलगी म्हणाली, "मग बाई, पलीकडे जाऊन विचारायचं का?"

बाईंनी सडकेकडे पाहिलं. त्यात काय धोका आहे ते त्यांना कळत होतंच. मग म्हणाल्या, "चला. मोठ्या मुली तेवढ्या चला."

भर दुपारी आम्ही डोक्यावर पदर घेऊन सडक ओलांडली. बाई पुढे, आम्ही मागे. दुकानांतली माणसं माना वळवून बघत होती. तेल्यांची गल्ली शोधायला लागली नाही. पेंडीच्या वासाने सापडली. ज्या घरची मुलगी गेली म्हणत होते, त्या दारात एक बाई शेंगा निवडत होती. आम्हाला बघताच तिने सूप उचललं आणि दार लावून घेतलं.

बाई पायरीवर बसल्या आणि मोडक्यातोडक्या हिंदीत दाराशी बोलू लागल्या. हम शाळा से आये हैं, डरो मत, तुम्हारी लडकी का पूछने आये हैं. बऱ्याच वेळाने दाराला फट पडली. फटीतून ती बाई काळजीने म्हणाली, "थें उना पार की हो? थांकी छोरी मिली गी कंई?"

तुमची मुलगी सापडली का, असं ती आम्हालाच विचारत होती! पलीकडे आवई होती की अलीकडची मुलगी गेली. एवढ्यात तिच्या पदराआडून एक पुढचे दात पडलेलं तोंड बाहेर आलं. गालाला गूळ लागलेला. आमच्यातल्या एकीने विचारलं, "तेल्याची मुलगी ती तूच का? तुला नेलं होतं ना?" ती पोर बिचकली, मग म्हणाली, "म्हने कुण ले ग्यो? हूँ तो याँज हूँ!"

खरंच ती तिथेच होती. आवई उठल्यापासून तिच्या आईने तिला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. ती गल्लीत दिसेना म्हणून लोक म्हणू लागले, गेली. लोक गेली म्हणू लागले म्हणून आई आणखी घाबरली आणि तिने दाराला अडसर घातला.

परतताना आम्ही हसत होतो. आई गेल्यापासून मी इतकी हसले नव्हते. बाई मात्र हसत नव्हत्या. शाळेशी आल्यावर त्यांनी आम्हाला थांबवलं. "घरी सांगा," त्या म्हणाल्या. "पण सावकाश सांगा. तुम्ही खोटं बोललात असं कुणाला म्हणू नका. आम्ही गेलो होतो, मुलगी पाहिली, दात पडलेत तिचे, एवढंच सांगा. ज्याला पटायचं त्याला पटेल."

काही घरी पटलं. दोघीतिघींच्या आया त्यांना टोचून घ्यायला घेऊन गेल्या. पण पुष्कळ ठिकाणी त्याच गोष्टीला दुसरं शेपूट फुटलं. मुलींना पलीकडे कशाला नेलं होतं? दाखवायला! कुठली जाड, कुठली बारीक ते दाखवायला. बाई पुण्याहून आल्यात त्या उगाच नाही, मोमियाईवाल्यांची दलाली आहे त्यांच्याकडे. त्यांच्या दारावर कुणी तरी शेण फेकलं. पाणक्याने त्यांच्याकडे जाणं सोडलं. त्या स्वतः विहिरीवर जाऊ लागल्या तर बायका रहाटापासून दूर सरत.

आणि हे सगळं आमच्या घरच्या बैठकीत शिजत होतं. आतोबा लोडाला टेकून म्हणत, "ही बाई येण्यापूर्वी गावात असलं काही नव्हतं." जमलेली मंडळी मान डोलावत. टोचणीवर तर आतोबांचा भारीच राग. "मांसाच्या पाण्यात कालवलेलं ते औषध. ते अंगात गेलं की जानवं कशाला राहायचं? आमच्या घरातल्या बायकांच्या अंगाला ती सुई लागणार नाही." ‘मोमियाई’ हा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडून कधी काढला नाही. दुसरा बोलला की ते नुसते डोळे मिटून ‘हरी हरी’ म्हणत. याची मला सगळ्यांत जास्त चीड आहे. अडाणी माणूस भितो, भीतीने बोलतो; त्याला मी माफ करू शकते. पण ज्याला ठाऊक आहे आणि तरी जो ‘हरी हरी’ म्हणून आगीला वारा घालतो, त्याला काय म्हणायचं?

त्यांना ठाऊक होतं हे मला कसं कळलं, ते सांगते. याच सुमाराला ते दरबारच्या कामाला इंदूरला गेले आणि परतले ते दंडाला गळू घेऊन. अंगात ताप. आत्या बिचारी अळशीचं पोटीस करून बांधत बसली. वाटी धरायला मी होते. तिने फडकं सोडलं आणि मी पाहिलं. सुजून टणक झालेला दंड, मधोमध बारीक टोचा. गळवाला तोंड असतं, पू असतो. असला दंड मी बोट लावून बघितलेला होता. मी आतोबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी आत्याला तेव्हा काही बोलले नाही. बाईंना लड धरताना सांगितलं. बाईंनी विचारलं, "तू पाहिलंस?" मी म्हटलं, "पाहिलं." त्या म्हणाल्या, "मग ते तुझ्यापाशी आहे. कुणाला सांगायचं ते तू ठरव. माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस." शाळेतून काढायचं घाटत होतं त्यांना, आणि त्या मला हे सांगत होत्या.

कमिटी शाळेच्या खोलीत बसली. सतरंजीवर चारपाच पागोटी, मध्ये आतोबा. बाई भिंतीशी उभ्या. त्यांना बसा कुणी म्हटलं नाही. आम्हा मुलींना साक्षीला बोलावलं होतं. मला पुढे घेतलं, कारण मी आतोबांच्या घरची, म्हणजे त्यांना हवं तेच बोलेन. एका सभासदांनी विचारलं, "बाई तुम्हाला वडीलधाऱ्यांची उलटतपासणी करायला शिकवतात, खरं का?"

"पाहिलं की ऐकलं, एवढं विचारायला शिकवतात," मी म्हणाले.

"आणि तू विचारतेस घरी?"

"हो. आत्याला विचारलं, वडिलांना विचारलं. आतोबांना विचारायचं राहिलंय."

कुणी तरी हसलं. आतोबा म्हणाले, "पुरे. जा बस."

मला आईचा आवाज ऐकू येत होता. मी म्हणाले, "आतोबा, तुम्ही इंदुरात टोचून घेतलंत. दंडावर खूण मी पाहिलीय. मग आत्याला का नको? मला का नको?"

आतोबा म्हणाले, "गळू आहे ते."

एक म्हातारे सभासद, ज्यांचा नातू धारच्या प्लेगमध्ये गेला होता, ते हळूच म्हणाले, "मग दाखवा की, रावसाहेब."

आतोबांनी उपरणं खांद्यावर ओढून घेतलं. बाही वर झाली नाही. सगळ्यांना समजलं. सगळ्यांना! त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. आणि तरी त्याच बैठकीत, त्याच माणसांनी ठरवलं की बाईंना कामावरून दूर करावं. कारण? मुलींना बाजारातून फिरवलं. मोमियाईचं नाव नाही, टोचणीचं नाव नाही. मला वाटलं होतं की खरं उघडं पडलं की झालं, पुढचं आपोआप होईल. त्या खोलीत मला कळलं की खरं उघडं पडूनही माणसं त्याच्यावर सतरंजी टाकून बसू शकतात.

मी घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती. आत्या चुलीपुढे होती. आतोबा आत आले तशी ती उठली. तिचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"गळू होतं ना? मी पोटीस बांधत बसले. देवीला नवस बोलले तुमच्या गळवासाठी!"

"अगं, हळू. लोक ऐकतील."

"लोकांना मी भाकरी वाढत नाही, तुम्हाला वाढते. तुम्ही वाचायचं आणि मी मरायचं, असं ठरवून आलात का इंदूरहून?"

"चारचौघांत राहायचं तर..."

"राहा तुम्ही चारचौघांत," आत्या म्हणाली आणि तवा खाली उतरवला. त्या दिवशी आमच्याकडे चूल पुन्हा पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी भर बाजारातून आत्या मला घेऊन दवाखान्यात गेली, चालत. जिने कधी घराबाहेर तोंड दाखवलं नव्हतं, तिने डॉक्टरपुढे दंड धरला आणि म्हणाली, "नीट टोचा. आमच्या घरी याला गळू म्हणतात." परतताना दारादारांच्या फटीतून डोळे दिसत होते. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोघी तिचा दंड बघून गेल्या. पुढे त्यांनीही टोचून घेतलं.

बाई त्याच आठवड्यात गेल्या. इंदूरचा टांगा सकाळी निघायचा. आम्ही काही मुली उभ्या होतो. त्यांनी कुणाला जवळ घेतलं नाही, उपदेश केला नाही. मला म्हणाल्या, "तुझ्या आत्याचा ताप उतरला का?" मी हो म्हटलं. टांगेवाल्याने ‘चलो बाईजी’ म्हणून घोड्याला हाक दिली. त्या पाठमोऱ्या झाल्या तेव्हा पलीकडच्या ओट्यावरून एक माणूस जमिनीवर थुंकला. मी त्याच्याकडे बघत राहिले. आजही त्याचा चेहरा मी ओळखेन.

त्या हिवाळ्यात देवासला प्लेग आलाच. आमच्या गल्लीतून तिरड्या निघाल्या. आत्या वाचली, मी वाचले, आतोबा वाचले. सुईने वाचलो की नशिबाने, ते मी छातीठोक सांगत नाही. सडकेपलीकडे त्या तेल्याने शेवटपर्यंत कुणाला दार उघडलं नाही. ती पुढचे दात पडलेली पोर गेली. पाणक्याने मला सांगितलं. तो तिच्या मातीला गेला होता. आणि लोक काय म्हणाले? अखेर नेलीच मोमियाईवाल्यांनी. मी हे ऐकलं तेव्हा विहिरीवर होते. हातातली कळशी मी दगडावर इतक्या जोराने आपटली की तिला पोचा आला.

प्लेग ओसरला, टोचणी लोकांच्या अंगवळणी पडली. काही वर्षांनी शाळेच्या बक्षीससमारंभात कमिटीने आतोबांना हार घातला. भाषण झालं. गाव अज्ञानात बुडालेलं असताना रावसाहेबांनी सर्वांच्या आधी टोचून घेऊन धडा घालून दिला, असं त्यात होतं. टाळ्या वाजल्या. आतोबांनी नम्रपणे हात जोडले. आत्या बायकांत बसली होती. ती उठली आणि माझ्या दंडाला धरून मला बाहेर घेऊन आली.

पुढे मी शिकले, धारला मुलींच्या शाळेत शिकवू लागले. वडील तिथेच होते. मी त्यांना जेवू घालत असे, बोलत फारशी नसे. शाळा सुटल्यावर मीही एकेका मुलीला लड धरायला मागे ठेवून घेते. गावात कधी बाटवाबाटवीची आवई उठते, कधी मूल पळवणाऱ्या गोसाव्याची. मी खोटं आहे म्हणत नाही, प्रश्न विचारते. माझ्याविरुद्धही तक्रारी झाल्या आहेत. पोरी घरी येऊन ‘तुम्ही पाहिलं का’ विचारतात म्हणून आया भांडायला येतात. येऊ देत.

बाईंचं पुढे काय झालं ते मला सांगता येत नाही. कुणी म्हणालं त्यांनी पुन्हा लग्न केलं. कुणी म्हणालं उज्जैनला प्लेगच्या दवाखान्यात रोग्यांना पाणी देता देता गेल्या. कुणी म्हणालं ख्रिस्ती झाल्या. मी प्रत्येकाला विचारलं, आणि त्यांच्यापैकी कुणीही काही पाहिलेलं नव्हतं.